शिफारस मागावी जूनमध्ये

आमच्या बाई कुठल्या लग्नाला आल्या की मुलीकडच्यांना जरा धास्तीच वाटायची. जेवून हात धुताना कुणीतरी हमखास विचारायचं, "काय मॅडम, जोडा कसा वाटला?" आणि बाई म्हणायच्या, "आज दोघंही सजून बसलेत. आज काय कळणार? पुढच्या वर्षी सांगते." मंचरच्या एका कार्यालयात मुलीच्या मामानं हे ऐकलं. तो वैतागून म्हणाला, "अहो, जेवण तरी चांगलं होतं म्हणा." बाई म्हणाल्या, "जिलबी चांगली होती. मठ्ठा मी घेतला नाही, त्यामुळं मठ्ठ्याचं बोलत नाही."

बाई आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायच्या. कॉलेजचं नाव सांगत नाही. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली पोरं एसटीनं येऊन शिकतात असं एक कॉलेज, एवढं पुरे. बाई उंच होत्या. सुती साडी आणि तिच्याखाली पांढरे खेळाचे बूट. खांद्याला पिशवी आणि पिशवीत एक घडीचं स्टूल. मासे धरायला बसणारे लोक नदीकाठी घेऊन बसतात ना, तसलं. ते कुठंही उघडायच्या आणि बसायच्या. एसटी स्टँडवर, प्राचार्यांच्या केबिनबाहेर, एकदा तर संस्थेच्या अध्यक्षांचं भाषण चालू असताना मांडवाच्या मधोमध.

विज्ञान दिनाला आम्हाला खोडदला नेलं होतं, त्या दुर्बिणींच्या मोठमोठ्या तबकड्या बघायला. आम्ही सगळे माना वर करून बघतोय, फोटो काढतोय, आणि बाई स्टूल टाकून तबकड्यांकडं पाठ करून बसलेल्या. मी म्हटलं, "बाई, तुम्ही बघत नाही?" म्हणाल्या, "त्या आभाळाकडं बघतायत, त्यांना बघू दे. मी तुमच्याकडं बघते. कोण वहीत लिहितंय आणि कोण नुसताच सेल्फी काढतोय, ते मला नंतर लागतं."

नंतर म्हणजे शिफारसपत्राच्या वेळी. बाईंच्या प्रयोगशाळेच्या दारावर पुठ्ठ्याची पाटी होती. "शिफारसपत्र हवे असल्यास जूनमध्ये भेटावे. पुढील वर्षासाठी."

ही पाटी वाचून पोरं हसायची. कारण आमच्याकडं शिफारसपत्राची रीत ठरलेली. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी विद्यार्थ्यानं स्वतःच स्वतःचं कौतुक टाईप करून आणायचं आणि सरांनी चहा पिता पिता सही ठोकायची. हुशार, कष्टाळू, नम्र, वक्तशीर. एकच मजकूर दरवर्षी पुढच्या पोरांकडं जायचा, नाव तेवढं बदलायचं. आळे गावच्या एका पोरानं नाव बदललं आणि खालचं तसंच ठेवलं. पत्रात हा दाढीवाला गडी 'शी इज अ गुड गर्ल' झाला आणि दोन प्राध्यापकांनी त्यावर सह्या केल्या. कुणाच्या लक्षातही आलं नाही. नर्सिंगच्या पुढच्या शिक्षणाला, फिजिओथेरपीला, दवाखान्याच्या व्यवस्थापनाला, जिथं जिथं पत्र लागायचं तिथं हाच 'गुड गर्ल' जाऊन आला.

बाई मात्र असल्या कागदाला हात लावायच्या नाहीत. "ही साक्ष आहे," म्हणायच्या. "कोर्टात साक्षीदार खून झाल्यावर शोधतात, कबूल. पण तो खुनाच्या वेळी तिथं हजर असावा लागतो ना? तुम्ही मला सगळं उरकल्यावर बोलावता."

मी जूनमध्ये गेले. तिसरं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. उभ्या उभ्याच म्हटलं, "बाई, मला पत्र पाहिजे." त्या म्हणाल्या, "बस आधी. उभं राहून मागतात ती भीक." मी बसले. म्हटलं, सार्वजनिक आरोग्य शिकायला परदेशात जायचंय, सरकारी शिष्यवृत्ती आहे, विद्यापीठाला शिक्षकाचं पत्र लागतं.

"नुसतं पत्र की चांगलं पत्र?"

"चांगलं."

"मग तसं विचार. 'बाई, तुम्ही मला चांगलं पत्र देऊ शकाल का?' आणि मी नाही म्हणाले तर दुसरीकडं जायला तुझ्याकडं वेळ पाहिजे. म्हणून जून. समोरच्याला नाही म्हणायला जागा राहील इतकं आधी मागावं. डिसेंबरात मागितलं की समोरचा अडकतो. मग तो खोटं लिहितो आणि तुझ्यावर डूख धरतो."

मी तसं विचारलं. बाई म्हणाल्या, "माहीत नाही. बघते. दिवाळीनंतर एकदा आठवण कर. दोनदा केलीस तर पत्र रद्द."

तर असं माझं वर्ष सुरू झालं. आता हे माझ्या दृष्टीनं काय होतं ते सांगते. माझे वडील गवंडीकाम करतात, आई आमच्या शिनोलीत आशा सेविका आहे. आमच्या घरातून, आमच्या बुद्धविहाराच्या आळीतून बीएस्सीला गेलेली मी पहिली पोरगी. मामा खेडला राहतो. त्यानं चाकणच्या कंपनीतला मुलगा बघून ठेवला होता आणि वडिलांनी त्याला शब्द दिला होता की हे एक वर्ष थांबू, पोरीचं झालं तर झालं, न्हाईतर तुमी म्हणाल तसं. म्हणजे माझ्या हातात एकच वर्ष आणि एकच अर्ज. मुलगा वाईट नव्हता. मला त्याच्याशी लग्न करायचं नव्हतं इतकंच.

एका रविवारी बाई न सांगता शिनोलीला आल्या. भीमाशंकरच्या गाडीनं उतरल्या, विचारत विचारत दारात आल्या आणि ओट्यावर स्टूल उघडलं. आईची धांदल उडाली. "बाई, आत या की, खुर्ची हाय." "नको, मला इथून दिसतंय सगळं." मी तेव्हा भावाशी कडाकडा भांडत होते, टाकीत पाणी कोण चढवणार यावरून. बाईंनी सगळं भांडण ऐकलं. मग भाकरी, वांग्याचं कालवण खाल्लं, आईला विचारून ठेचाही घेतला. जाताना म्हणाल्या, "भांडतेस चांगली. पाणीही तूच चढवलंस."

आई दिवसभर म्हणत होती, "लई येगळी बाई हाय. पण माज न्हाई."

मग पारगाव. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीची माणसं येतात, कारखान्याच्या बाजूला त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या पडतात. कॉलेजच्या शिबिरात मी मुलांच्या लशींची तपासणी ठेवली. उपकेंद्रातल्या सिस्टरला पटवलं, बॅनर केलं, सकाळी अकराची वेळ दिली. अकरा वाजता तिथं कोण? दोन म्हाताऱ्या, झोळीत झोपलेली चार-दोन लेकरं आणि कुत्री. बाकी सगळ्या बाया पहाटेच कोयते घेऊन फडात गेलेल्या, अंगावरची पोरंही बरोबर. मला रडूच आलं. शिबिरप्रमुख सर म्हणाले, "असू दे गं, बॅनरपुढं उभी राहा, फोटो घेऊ, झाला कार्यक्रम." मी म्हटलं, "फोटो तुमचा काढा सर, मी नाही उभी राहत." ते रागावले. आणि तिकडं बाभळीखाली स्टुलावर बसून बाई हे बघत होत्या. कधी आल्या होत्या देव जाणे.

आठवड्यानं मी परत गेले, संध्याकाळी, चुली पेटल्यावर. त्याआधी एक दिवस जाऊन बायांना नुसतंच विचारून आले की तुम्ही कधी मोकळ्या असता. सिस्टर कुरकुरली, तिच्या हातापाया पडले. त्या संध्याकाळी लशी झाल्या. बाई त्याही दिवशी आल्या होत्या.  एका बाईनं दिलेला कोरा चहा प्यायल्या आणि शेवटच्या गाडीनं गेल्या.

दिवाळीनंतर मी एकदा आठवण केली. डिसेंबरच्या सुरुवातीला बाईंनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि सगळ्या प्राध्यापकांसमोर पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. लोक शिफारसपत्र पाकिटात बंद करून देतात. बाईंचं म्हणणं, "पाठीमागं बोलायची मला सवय नाही." पत्र इंग्रजीत होतं, पण त्याचा अर्थ असा होता. या मुलीनं पहिला कार्यक्रम चुकीच्या वेळी ठेवला. ज्या बायांसाठी ठेवला त्या कामावर होत्या. हे विचारलं असतं तर कळलं असतं, तिनं विचारलं नव्हतं.

माझे कान तापले. "बाई, हे काढा ना."

"का? खोटं आहे?"

"खोटं नाही. पण असं कोण लिहितं?"

"मी लिहिते. पुढं ऐक."

पुढं होतं की दुसऱ्या खेपेला तिनं आधी विचारलं. फोटोला उभं राहायला तिनं नकार दिला. तिला राग लवकर येतो, आजवर तो योग्य माणसावर आलेला मी बघितला आहे. शिबिरप्रमुख सर तिथंच बसले होते, त्यांनी पेपर डोळ्यांपुढं धरला. मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि मला कळेना की हसावं की रडावं. असं पत्र मला पुन्हा कुणी देणार नाही, एवढं मात्र कळलं.

आता फक्त ते कॉलेजच्या लेटरहेडवर छापायचं आणि शिक्का मारायचा राहिला होता. आणि तिथंच माशी शिंकली.

संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या आमच्याच वर्गात होता, म्हणजे हजेरीपटावर होता. त्यालाही परदेशात दवाखान्याचं व्यवस्थापन शिकायला जायचं होतं. तो आला फाईल घेऊन, आत तयार पत्र. पोरगा तसा गोड बोलायचा. म्हणाला, "मॅडम, फक्त सही. सगळे असंच करतात." बाईंनी चष्मा वर केला. "तू कोण?" त्यानं नाव सांगितलं. "नाव ऐकलंय. तुला कधी बघितल्याचं आठवत नाही. वरातीमागून घोडं आणलंस, आणि मला म्हणतोस यावर बस."

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मलाच बोलावलं. बाईंशी बोलायची त्यांची हिंमत नव्हती. मला म्हणाले, "हे बघ, पत्रं आता ऑफिसमार्फतच जाणार, असा नियम केलाय. दोघांची पत्रं एकदम जातील. नाहीतर कुणाचंच नाही. तुझं बाईंशी चांगलं आहे ना? समजाव त्यांना." ती फाईल त्यांनी माझ्याच हातात दिली. अर्जाची मुदत संपायला आठवडा राहिला होता.

मी फाईल घेऊन प्रयोगशाळेत गेले आणि काय झालं ते सांगितलं. मला वाटलं, बाई आता भडकणार. बाई भडकल्या नाहीत. बेडकांची बरणी बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, "आण इकडं. करते सही."

मला वाटलं, माझीच ऐकण्यात चूक झाली.

"तुझ्या आईनं सांगितलंय मला, मामाचं काय चाललंय ते," बाई म्हणाल्या. "तुझं वर्ष गेलं तर तू गेलीस. माझी एक सही खोटी झाली तर काही आभाळ कोसळत नाही. मी यंदा निवृत्तच होतेय." आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं, फाईल पुढं ओढली आणि पान उलटलं.

मला इतका संताप आला की सांगता येत नाही. अध्यक्षांचा नाही, प्राचार्यांचा नाही, बाईंचा. मी फाईल त्यांच्या हाताखालून ओढून घेतली. म्हटलं, "बाई, मी सहा महिने तुमच्या स्टुलासमोर कशाला नाचले? माझ्या घरातली भांडणं ऐकलीत, माझी फजिती लिहिलीत, चारचौघांत वाचून दाखवलीत. मी गप्प बसले, कारण ती सही खरी होती. आता याच्या कागदावर तीच सही पडली तर माझ्या आणि त्याच्या कागदात फरक काय राहिला? मग मला नकोच ती. मी मामानं बघितलेल्या त्या पोराशी लग्न करते, जाते चाकणला."

 बाईंनी सावकाश टोपण लावलं.  "जा मग," म्हणाल्या. "सांग त्यांना."

मी सांगितलं. प्राचार्यांच्या टेबलावर फाईल ठेवली आणि म्हटलं, "बाई सही करणार नाहीत." ते म्हणाले, "मूर्ख आहेस. तुझंच नुकसान आहे यात." मी म्हटलं, "माझंच आहे ना सर? मग माझं मी करते, तुम्ही कशाला त्रास घेता."  खोटं कशाला सांगू, घोडेगावपर्यंत एसटीत रडत गेले.

घरी सांगितल्यावर वडील नुसते थापी धुवत बसले. आई म्हणाली, "बरं केलंस. मामाचं मी बघते. त्याला म्हनावं, पोरगी रिकामी न्हाई."

बाईंनी तेच पत्र कोऱ्या फुलस्केपवर हातानं लिहून काढलं आणि खाली दोन ओळी वाढवल्या की मला माझ्या कॉलेजचा कागद मिळालेला नाही, कारण ज्याला मी ओळखत नाही अशा विद्यार्थ्याच्या पत्रावर मी सही करत नाही. शंका असल्यास मला फोन करावा. ते आम्ही घोडेगावच्या सायबर कॅफेत स्कॅन केलं आणि बाईंच्या स्वतःच्या मेलवरून पाठवलं. त्या दुकानदाराला वाटलं, कुणाची तरी तक्रार चाललीय. म्हणाला, "मॅडम, आणखी एक प्रत काढू का, पोलिसांसाठी?"

विद्यापीठानं खरंच फोन केला. बाई तेव्हा नारायणगावच्या एसटी स्टँडवर होत्या, गाड्यांच्या आवाजात. काय विचारलं, काय सांगितलं, मी खोदून खोदून विचारलं. "जे विचारलं ते सांगितलं," एवढंच. महिन्याभरानं प्रवेशाचं पत्र आलं, पुढं शिष्यवृत्तीही मिळाली. पुतण्यालाही कुठंतरी प्रवेश मिळाला, त्याच्या पत्रावर प्राचार्यांनी स्वतःच सही केली. तो मजेत आहे म्हणतात. असू दे. माझं त्याच्याशी भांडण नाही.

बाई त्या मे महिन्यात निवृत्त झाल्या. कॉलेजनं निरोपाचा नारळसुद्धा दिला नाही.

आणि जुलैत कॉलेजच्या फाटकावर माझं फ्लेक्स लागलं. वर अध्यक्ष, बाजूला प्राचार्य, मधे मी, 'आमच्या महाविद्यालयाची शान'. बाईंचा कुठं टिकलीएवढा फोटो नाही. सत्काराचं बोलावणं आलं. आई म्हणाली, जाऊ नकोस. मी म्हटलं, जाणार. शाल घेतली, नारळ घेतला, फोटो झाले. मग प्राचार्य म्हणाले, कॉलेजनं तुझ्यासाठी काय केलं, दोन शब्द सांग. माईक हातात दिला.

मी म्हटलं, "या कॉलेजनं मला कागद दिला नाही. ज्या बाईंनी कोऱ्या कागदावर माझं पत्र लिहिलं, त्यांना आज इथं बोलावलेलं नाही. माझ्या बाई कधी खोट्या सहीला तयार झाल्या नाहीत, म्हणून मी चाललेय." शाल खुर्चीवर ठेवली आणि खाली उतरले. नारळ मात्र नेला. मागच्या रांगेतून शिट्ट्या आल्या, टाळ्या आल्या. अध्यक्ष मोबाईल बघत होते.

तिथून थेट ओतूरला गेले, बाई हल्ली तिथं राहतात. अंगणात स्टुलावर बसून मेथी निवडत होत्या. मी नारळ पुढं ठेवला आणि भाषण शब्दन्‌शब्द म्हणून दाखवलं. मला वाटलं, आता तरी पाठीवर हात ठेवतील.

"कधी तयार झाल्या नाहीत, असं म्हणालीस?"

"हो."

"आणि मी टोपण काढलं होतं ते?"

 मी म्हटलं, "ते त्या लोकांसमोर कशाला सांगायचं, बाई? त्यांना तेवढंच पाहिजे असतं. तुमच्या नखाची सर नाही त्यांच्यातल्या एकाला."

बाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. रागावलेल्या दिसत नव्हत्या, दमलेल्या दिसत होत्या. "तू तिथं होतीस. तुझ्याशिवाय कुणीच नव्हतं. आणि तूच अर्धं गिळलंस," त्या म्हणाल्या. "त्या आळ्याच्या पोरासारखं मला गुड गर्ल करून टाकलंस."

 मी नारळ फोडला, खोबरं खाल्लं आणि पुढच्या आठवड्यात विमानात बसले.

तर बाई, हे घ्या. तुम्ही टोपण काढलं होतं. पानही उलटलं होतं. मी फाईल ओढली नसती तर तुम्ही सही केली असती, माझ्यासाठी केली असती, आणि ती खोटी असती. मी तिथं होते, मी सांगते. आता हे वाचून कुणाला तुम्ही कमी वाटल्या, तर त्यानं माझ्यासमोर येऊन बोलावं.